नैराश्य कोणास ग्रासते?

पेरणी तोंडावर आली असता घरचा कर्ता माणूस शेताकडे फिरकेनासा होतो, कोणाशी बोलेनासा होतो. त्याची झोप उडते, अन्नावरील वासना जाते. गाव त्याला आळशी ठरविते. कोणी बाहेरची बाधा सांगते. वस्तुतः अशी उदासी दोन आठवडे दररोज, दिवसाचा बहुतेक काळ टिकून राहिली तर ते नैराश्याचे लक्षण असू शकते. बंगळूर येथील ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या पाहणीत वीस प्रौढांमागे सुमारे एकास आयुष्यात केव्हातरी हा आजार झाल्याचे आढळले. आजारी असलेल्यांपैकी बहुसंख्य लोक उपचारांवाचून राहिले होते.

नैराश्यास एकच एक कारण नसते. आईवडील किंवा भावंडांत हा आजार असल्यास धोका वाढतो. परंतु तो होतोच असे नाही. मधुमेह, हृदयविकार, थायरॉइडची उणीव यांसारखी दुखणी व दारूचे व्यसन त्यास हातभार लावतात. लहानपणी सोसलेला छळ मोठेपणीही पाठ सोडत नाही. त्यातच कर्ज, बेकारी किंवा जिवलगाचा मृत्यू अशी आपत्ती कोसळली आणि मन मोकळे करावयास कोणी नसले, म्हणजे मन खचते.

पुरुषांच्या मानाने स्त्रियांत हे प्रमाण सुमारे दीडपट आहे. गोव्यातील मातांविषयी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के स्त्रियांत नैराश्य दिसून आले. गरिबी, पतीशी बेबनाव आणि मुलगा हवा असताना मुलगी होणे या गोष्टींनी धोका वाढला होता. म्हणजे आजार मातेचा असला, तरी त्याची काही मुळे घराच्या वागणुकीत होती. एकाकी वृद्ध, दीर्घकाळ अंथरुणास खिळलेले रुग्ण, कर्जबाजारी शेतकरी आणि घरी हिंसा सोसणारी मुले यांच्याकडेही विशेष लक्ष पुरविणे अगत्याचे आहे.

हा आजार समुपदेशनाने व गरजेनुसार औषधांनी बरा होऊ शकतो. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी लोकांशी संवाद साधला, तेव्हा अठरा महिन्यांत नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

शिक्षक, आशा कार्यकर्ती व पंचायत सदस्य यांना गावातील घरे ठाऊक असतात. वर्गात गप्प बसू लागलेले मूल, बाळाकडे शून्य नजरेने पाहणारी माता, चावडीवर येणे सोडलेला शेतकरी त्यांच्याच दृष्टीस प्रथम पडतो. अशा व्यक्तीस उपदेश न करता तिचे म्हणणे शांतपणे ऐकावे. जीव नकोसा वाटतो काय, हे आपुलकीने विचारावे. विचारल्याने तसा विचार मनात भरत नाही. तसे उत्तर आल्यास तिला एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशके दूर ठेवावीत आणि तिला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. एरवी प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट दाखवावी. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. विचारपूस वेळीच झाली, तर एखादे घर उघडे पडण्यापासून वाचेल.