चावी त्यांच्याकडे असताना

अगं, काल फोनवर गॅरेजच्या वाढीव बिलाबद्दल सांगतानाचा तुझा रडवेला आवाज ऐकला आणि मला माझी ती संध्याकाळ आठवली. ब्रेकच्या कामाला गाडी सोडली होती. तोंडी अंदाज 9 हजारांचा, हातात बिल आलं 22 हजारांचं. मागे रांग, लेकीला क्लासहून आणायची घाई. ‘मॅडम, सगळं कंपनीच्या रेटनंच आहे’ एवढं ऐकलं आणि मी गुमान कार्ड पुढे केलं. तू तसं करू नकोस.

आधी बिल शांतपणे वाच. पार्ट्स वेगळे, लेबर वेगळं, जीएसटी वेगळा, अशी एकेक ओळ. माझ्या बिलात डिस्क घासून घेतल्याचे पैसे होते, शिवाय इंजेक्टर क्लीनिंग आणि एसीची फवारणीसुद्धा! ब्रेकच्या कामात एसीचा काय संबंध? डिस्कचं मात्र खरं होतं बरं का. तिच्यावर चरे पडले असतील तर नुसते पॅड बदलून भागत नाही. म्हणून म्हणते, सरसकट ‘लुटलंत’ म्हणून भांडू नकोस. ज्या कामाला तू हो म्हटलं नव्हतंस, नेमकं त्याच ओळीवर बोट ठेव.

ती ओळ कळते जॉब कार्डावरून. गाडी देताना तू सही केलीस ना, तोच कागद. काम काय आणि अंदाजे खर्च किती, ते त्यावर असतं. तुझ्या क्लचचं काम त्यात असेल. बाकीचं वाढीव काम कुणाला विचारून केलं, हे थेट सर्व्हिस मॅनेजरला विचार. काउंटरवरच्या पोराला बिल कमी करायचा अधिकारच नसतो गं, त्याच्यावर चिडून काय मिळणार? जुनी क्लच प्लेट दाखवायला सांग. नव्या पार्टचा खोकाही माग, त्यावर पार्ट नंबर आणि एमआरपी छापलेली असते, ती बिलाशी ताडून बघ.

तरी ऐकलं नाही तर? चावीसाठी झटापट नको. केलेल्या कामाचे रास्त पैसे मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवायची मुभा 1872 च्या करार कायद्यानंच गॅरेजला दिली आहे. पैसे भर, पण बिलावर ‘हरकत नोंदवून रक्कम भरली’ असं लिही, फोटो काढ, आणि त्याच दिवशी गॅरेजला आणि गाडीच्या कंपनीला ईमेल कर. मी ईमेल आठ दिवसांनी केला, तरी एसी आणि इंजेक्टरचे पैसे परत आले. डिस्कचे नाही आले, आणि ते बरोबरच होतं.

त्यानंही नाही झालं तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारीला 2 वर्षांची मुदत असते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि 2019 च्या कायद्यामुळे तू राहतेस त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते.

उद्या 11 वाजता मी येते तुझ्याबरोबर. आज रात्री फक्त जॉब कार्डाची तुझी प्रत शोधून ठेव. पर्समध्ये नसेल तर व्हॉट्सॲपवर बघ, हल्ली तिथंही पाठवतात.