वागदर्डीचे पाणी चौदा टक्क्यांनी कसे वाढले?

मनमाडच्या माणसाला पाण्याचे मोल शिकवावे लागत नाही. येथल्या लोकांनी वर्षानुवर्षे टंचाई सोसली आहे. म्हणूनच गेल्या उन्हाळ्यात आमच्या महाविद्यालयातील दोन विद्यार्थ्यांना मी एक साधे काम दिले. गावाला पाणी पुरविणाऱ्या वागदर्डी धरणाचा जलाशय उपग्रहचित्रावरून रेखायचा आणि त्याचे क्षेत्रफळ सांगायचे. त्यासाठी 'क्यूजीआयएस' ही विनामूल्य मिळणारी संगणक-प्रणाली घेतली. एकाने काठ रेखला व तीच फाईल दुसऱ्याला दिली. आकृती एकच, तरी एकाचे उत्तर दुसऱ्यापेक्षा सुमारे चौदा टक्क्यांनी मोठे आले!

ही चूक किरकोळ नव्हे. क्षेत्रफळाला सरासरी खोलीने गुणले की पाण्याचे आकारमान मिळते. म्हणजे शंभर दिवस पुरणारे पाणी कागदावर ११४ दिवस पुरणार. मग वरच्या चौदा दिवसांत लोकांनी काय प्यायचे?

असे का झाले? पृथ्वी गोल, पडदा सपाट. गोलावरची आकृती सपाटीवर उतरविण्याच्या रीतीला प्रक्षेपण म्हणतात. संगणकावर पार्श्वभूमीला येणारी बहुतेक उपग्रहचित्रे 'वेब मर्केटर' प्रक्षेपणात असतात. यात सर्व अक्षवृत्ते विषुववृत्ताएवढीच लांब काढलेली असतात. प्रत्यक्षात मनमाडचे अक्षवृत्त, सुमारे २०° १५' उत्तर, विषुववृत्ताच्या ०.९३८ पट, म्हणजे त्या कोनाच्या कोज्येइतकेच लांब आहे. तेव्हा पूर्व-पश्चिम अंतर नकाशात १.०६६ पट ताणले जाते. आकार बिघडू नये म्हणून उत्तर-दक्षिण अंतरही तेवढेच ताणावे लागते. १.०६६ चा वर्ग करा, १.१३६ येईल. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, हे हिशेबात धरले की वाढ चौदा टक्क्यांवर जाते. याच ताणामुळे भिंतीवरच्या मर्केटर नकाशात ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढे दिसते. वास्तविक आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट मोठी आहे.

उपाय सोपा आहे. मोजमापासाठी थर 'यूटीएम' प्रक्षेपणात आणावा. ७२° ते ७८° पूर्व रेखांशांचा पट्टा हा ४३ वा विभाग असून त्याचा सांकेतिक क्रमांक ३२६४३ आहे. मनमाड ७४.४° वर, म्हणजे या पट्ट्यात छान बसते. येथे किलोमीटरमागे अर्ध्या मीटरचीही चूक राहत नाही.

मात्र येथे एक खड्डा आहे व त्यात निम्मे विद्यार्थी पडतात. थराच्या गुणधर्मांत जाऊन प्रक्षेपणाचे नुसते नाव बदलले, तर आकडे जुनेच राहतात. फूटपट्टीवरचा 'इंच' शब्द खोडून 'सेंटिमीटर' लिहावा, तसाच हा प्रकार. थर तर जागचा उडून भलतीकडेच जातो. त्याऐवजी नवे प्रक्षेपण निवडून थर नव्या फाईलमध्ये निर्यात करावा. तेव्हाच संगणक प्रत्येक बिंदूचे गणित पुन्हा करतो.

आता रेखण्याविषयी थोडे. मनमाड हे जंक्शन. मुंबई, भुसावळ, दौंड व छत्रपती संभाजीनगर यांकडे जाणारे लोहमार्ग येथे एकत्र येतात. ते रेखताना दोन रेषांची टोके पडद्यावर जुळलेली दिसतात, पण नकाशा मोठा केला की मध्ये दोन मीटरची फट निघते. डोळ्याला ती चालते, संगणकाला नाही. मुंबईहून दौंडला जाण्याचा मार्ग विचारा, तो 'मार्ग नाही' म्हणेल. म्हणून सुरुवातीलाच लोहचुंबकाच्या चित्राची कळ दाबावी. मग माऊसची खूण दहाबारा ठिपक्यांच्या आत आली की नवा बिंदू जुन्या बिंदूला आपोआप चिकटतो. शेजारच्या दोन वॉर्डांची सामाईक हद्दही याच रीतीने एकदाच काढावी.

वळणावर बिंदू किती घ्यावेत? भूमितीच सांगते. ४०० मीटर त्रिज्येच्या वळणावर दर ४० मीटरला बिंदू घेतला तर रेषा रुळापासून जास्तीत जास्त अर्धा मीटर सरकते. दर ८० मीटरला घेतला तर दोन मीटर. अंतर दुप्पट, चूक चौपट. सरळ मार्गावर मात्र दोन टोके पुरेत. तेथे उगाच टिचक्या मारू नयेत.

जुना छापील नकाशा स्कॅन करून जागेवर बसवायचा असेल, तर त्यावरच्या ओळखीच्या खुणांचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतात. नेहमीच्या रीतीला तीन खुणा पुरतात, आणि तीनच दिल्या तर संगणक चूक शून्य दाखवितो. त्यावर खूश होऊ नका. दोन बिंदूंतून सरळ रेषा नेहमीच बिनचूक जाते, तसेच हे. निदान सातआठ खुणा द्या, त्याही चारही कोपऱ्यांत पसरलेल्या. मगच खरी चूक दिसेल. शिवाय १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात ०.२ मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर १० मीटर होते. पडद्यावर कितीही मोठी केली तरी ती बारीक होत नाही.

'शेपफाईल' ही एक फाईल नसून निदान तीन फाईलींचे कुटुंब असते. पेनड्राइव्हवर एकच घेऊन येणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. त्यातले देवनागरी अक्षर तीन बाइट जागा खाते. 'मनमाड' या नावाला काना धरून १५ बाइट लागतात. सांकेतिक लिपी 'यूटीएफ-८' ठेवली नाही तर नावाच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. माझ्या मते नव्याने शिकणाऱ्याने 'जिओपॅकेज' ही एकाच फाईलीची रचना वापरावी.

करून पाहा : शाळेच्या मैदानावर फीत लावून पूर्व-पश्चिम १०० मीटर मोजा व दोन्ही टोके उपग्रहचित्रावर शोधा. वेब मर्केटरच्या निर्देशकांवरून ते अंतर मनमाडला साधारण १०६.५ मीटर येईल, सावंतवाडीच्या मुलांना १०४ व नागपूरच्या मुलांना १०७ च्या आसपास. तुमच्या गावाचा अक्षांश पाहा आणि फीत लावण्यापूर्वीच आपले उत्तर वहीत लिहून ठेवा.