आजोबांचे घड्याळ स्विस की देशी?

प्रश्न : आजोबांच्या मनगटी घड्याळाच्या डायलवर ‘वेस्ट एंड वॉच कंपनी, बॉम्बे-कलकत्ता’ असे छापले आहे. अमरावतीत एकाने ते देशी म्हणून भंगारात काढायला सांगितले. खरे काय?
– एक वाचक, अकोला

उत्तर : भंगारात मुळीच देऊ नका. वेस्ट एंड हे स्विस नाव १८८६ पासूनचे. डायलवरची शहरे विक्रीची, कारखान्याची नव्हेत. ब्रिटिशकालीन हिंदुस्थानी फौजेतही ही घड्याळे होती.

मात्र डायलवरून अस्सलपणा ठरत नाही. जुने डायल सर्रास पुन्हा रंगवलेले असतात. जाणत्या घड्याळजीकडून मागचे झाकण उघडवून आतील यंत्रावरचे नाव पाहा. यंत्र आणि डायल जुळले, तर घड्याळ अस्सल असण्याची शक्यता बळावते.

वापरायचे असेल तर आधी साफसफाई व तेलपाणी करून घ्या. तोवर चावी देऊ नका. पाण्यापासून जपा. केसला पॉलिश नको. आकडे-काटे रेडियमचे असतील तर खरवडू नका. चमक गेली तरी किरणोत्सार राहतो. विकायचे असल्यास दोन-तीन ठिकाणी दाखवा. किंमत बेताचीच येईल. त्यापेक्षा चालू करून वापरणे उत्तम.