आधी काटा, मग हिच

अगं, ट्रेलर घेतलास ते उत्तम केलंस. सत्तरच्या दशकातला एअरस्ट्रीम, तोही मागे बाथरूमवाला, म्हणजे देखणा आणि खर्चिक. पण परवा फोनवर जावईबापू म्हणाले, "मामा, बाजारातला सगळ्यात दणकट वेट डिस्ट्रिब्यूशन हिच लावतो, जोडीला स्वे कंट्रोल. मग डुलायची काय बिशाद!" फोन स्पीकरवर होता आणि अख्खं घर ऐकत होतं, म्हणून मी गप्प बसलो. आता लिहून देतो, दोघांनी वाचा.

पहिली गोष्ट ही की ही दोन वेगळी कामं आहेत. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच वजन वाटून देतो. स्वे कंट्रोल ट्रेलरचं डुलणं दाबून धरतो. काही हिच ही दोन्ही कामं एकाच यंत्रात करतात, म्हणून लोकांच्या डोक्यात त्यांची सरमिसळ होते. आणि ट्रेलर चुकीचा भरला असेल, तर दोन्ही मिळूनही तो सरळ चालवू शकत नाहीत. तेव्हा हिचच्या दुकानाआधी वजनकाट्यावर जायचं.

हिच काय करतो ते आकड्यांत सांगतो. समजा गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत 120 इंच अंतर आहे आणि ट्रेलर ज्यावर टेकतो तो हिचचा बॉल मागच्या चाकांच्या 60 इंच मागे आहे. त्या बॉलवर 500 पौंड टेकवले की मागच्या चाकांवर 500 नव्हे, 750 पौंड वाढतात आणि पुढची चाकं 250 पौंडांनी हलकी होतात. स्टिअरिंग पुढच्या चाकांत आणि ब्रेकचा मोठा वाटाही तिथलाच, म्हणजे नेमकी गरज जिथे जास्त, तिथेच पकड कमी. मग हिचच्या दोन्ही बाजूंचे स्प्रिंग बार ट्रेलरच्या ए-फ्रेमला, म्हणजे पुढच्या त्रिकोणी सांगाड्याला, ताणून बांधायचे. ते तरफेसारखे गाडीचं ढुंगण वर उचलतात. पुढचं हरवलेलं वजन निम्मं परत आणलंत, तर पुढे घट उरते 125 ची, मागे वाढ राहते सुमारे 555 ची आणि उरलेले सत्तरेक पौंड ट्रेलरच्या स्वतःच्या चाकांवर जातात. बॉलपासून ट्रेलरच्या चाकांपर्यंत साडेबारा फूट धरून हा हिशेब केलाय. वजन कुठे नाहीसं होत नाही, नुसतं जागा बदलतं.

पुढचं वजन किती परत आणायचं, हे गाडीच्या पुस्तिकेत बघा. जुने लोक सांगायचे की गाडी पुढे-मागे सारखी दबली पाहिजे. आता बऱ्याच कंपन्या म्हणतात की पुढची बाजू जितकी उचलली गेली, त्याच्या निम्मी खाली आणली की पुरे. काही नव्या एसयूव्हींच्या पुस्तिकेत असा हिच लावूच नका म्हणून बजावलेलं असतं. तिथे आमच्या वेळी अमुक चालायचं हा युक्तिवाद कामाचा नाही. गाडीच्या मागे हिच ज्यात बसतो त्या रिसीव्हरवर एक लेबल असतं. त्यावर साध्या हिचसाठी एक आकडा आणि वेट डिस्ट्रिब्यूशनसाठी दुसरा, मोठा आकडा दिलेला असतो. ते दोन्ही वाचल्याशिवाय खिशात हात घालू नका.

आता डुलण्याकडे येऊ. बैलगाडी मागे जड भरली की उलाळते, जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं. ट्रेलरचं तसंच, फक्त ताशी साठ मैलांनी. ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या 10 ते 15 टक्के भार बॉलवर पडायला हवा. याला इथे अमेरिकेत टंग वेट म्हणतात. तो भार दहा टक्क्यांच्या खाली गेला की वाऱ्याची झुळूक किंवा शेजारून गेलेला ट्रक ट्रेलरचं शेपूट हलवायला पुरतो. वेग वाढेल तसं ते हेलकावे विझायला जास्त वेळ लागतो आणि एका वेगापुढे ते विझायच्या ऐवजी वाढत जातात.

तुमच्या ट्रेलरमध्ये बाथरूम मागे, म्हणजे जड सामान मुळातच शेपटाकडे. त्यात जावईबापूंना मागच्या बंपरवर दोन इलेक्ट्रिक सायकली टांगायच्या आहेत, असं कानावर आलंय. धर, स्टँडसकट 150 पौंड, चाकांच्या मागे 10 फुटांवर. बॉलपर्यंतचं अंतर साडेबारा फूट असेल तर बॉलवरचे 120 पौंड गेले. चार हजार पौंडांच्या ट्रेलरचा बॉलवरचा भार 500 होता, म्हणजे साडेबारा टक्के. सायकली टांगल्यावर 380 उरला आणि ट्रेलर 4150 झाला. नऊ टक्के आणि वर थोडंसं. सायकली सोडून काहीही बदललं नाही आणि चांगला ट्रेलर वाईट झाला.

यावर कुणी सुचवेल की पुढे तांदळाच्या 20 पौंडी पोत्यांची थप्पी लावा, म्हणजे समतोल. नको. टक्केवारी जमेल, पण दोन्ही टोकांना जड असलेला ट्रेलर एकदा फिरायला लागला की लवकर थांबत नाही. जड सामान चाकांच्या आसपास, किंचित पुढच्या बाजूला, आणि जमिनीलगत ठेवायचं. डब्यांचं कपाट, कुकर, कास्ट आयर्नचा तवा, सगळं खाली. सायकली गाडीत किंवा गाडीच्या टपावर. पाण्याचाही हिशेब धरा: गॅलनला सव्वाआठ पौंडांहून थोडं जास्त, म्हणजे 30 गॅलनची टाकी भरली की 250 पौंड. टाकी चाकांच्या पुढे आहे की मागे ते आधी शोधा, कारण भरलेल्या आणि रिकाम्या टाकीत बॉलवरचा भार बदलतो. सांडपाण्याची टाकी मागे असेल तर ती भरून घेऊन हायवेला लागू नका.

वजन कसं करायचं? हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचे काटे असतात, पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलर तीन वेगळ्या फळ्यांवर उभे करायचे. तीन वजनं घ्या. पहिलं बार ताणून, दुसरं बार सोडून, तिसरं ट्रेलर बाजूला ठेवून नुसत्या गाडीचं. दुसऱ्या वजनातल्या गाडीच्या दोन्ही धुऱ्यांच्या बेरजेतून तिसऱ्याची बेरीज वजा केलीत की बॉलवरचा भार मिळतो. पहिलं आणि दुसरं शेजारी ठेवलंत की बार किती काम करतायत ते दिसतं. तिन्ही वेळा सामान, पाणी, पेट्रोल आणि माणसं तीच. रिकाम्या ट्रेलरचं वजन करून खूश होणारे मी बरेच पाहिले आहेत.

घरच्या घरीही अंदाज येतो. ट्रेलर सपाट उभा करा, चाकांना अडसर लावा. एका बाजूला वीट, दुसऱ्या बाजूला बाथरूमचा वजनकाटा आणि दोन्हींवर एक दणकट तुळई. कपलर, म्हणजे बॉलवर बसणारं ट्रेलरचं तोंड, विटेपासून एक फुटावर आणि काट्यापासून दोन फुटांवर टेकवा. काट्यावर दिसेल त्याच्या तिप्पट म्हणजे बॉलवरचा भार. फक्त त्या तुळईखाली पाय घालून वाकू नका.

आता दणकट हिचचं. जुन्या ट्रेलरच्या बाबतीत हाच मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एअरस्ट्रीम काहीही सोसतो हे सांगायला लोक 1959 साली केपटाऊनहून कैरोला निघालेल्या, कंपनीचा संस्थापक वॉली बायमच्या काफिल्याचं उदाहरण देतात. काफिला खराच, पण ते ट्रेलर तेव्हा नवे होते. तुमची फ्रेम पन्नाशी ओलांडलेली आहे. बार जितके ताठ, तितके रस्त्याचे धक्के ए-फ्रेममध्ये आणि तिथून अॅल्युमिनियमच्या कवचात जातात. ताठ ट्रक, ताठ बार आणि जुनी फ्रेम ही तिकडी जमली की रिव्हेट सैल होतात, पुढच्या कोपऱ्यात पाणी गळू लागतं. बॉलवर भार 500 असताना 1200 चे बार लावून काही जादा सुरक्षा मिळत नाही. भाराच्या जवळपासचे, आणि शंका आली तर मऊ बार घ्या. गाडीच्या मागच्या चाकांमागे डिकीत सामान जाणार असेल तर तेवढं मोजणीत धरा.

पण त्याआधी फ्रेम बघा. ए-फ्रेम जिथे कवचाखाली शिरते, तिथे आडवं होऊन टॉर्च मारा: तडा, जुनं वेल्डिंग, पापुद्र्यांनी सुटणारा गंज. मग जावईबापूंना मागच्या बंपरवर उभं करा आणि हलकेच उड्या मारू द्या. बंपर खाली जातो आणि कवच जागच्या जागी राहतं असं दिसलं तर मागची जमीन कुजून फ्रेम आणि कवच सुटं झालंय. त्या सालच्या मागे बाथरूमवाल्या एअरस्ट्रीमचं हे नेहमीचं दुखणं आहे. ते दुरुस्त होईपर्यंत कुठलाही हिच लावून लांब नेऊ नका. धुऱ्यात रबराची स्प्रिंग असते, ती पण म्हातारी होऊन कडक होते. चाकाचा दांडा आडवा किंवा वर चढलेला दिसला तर धुरा बदलायला झाला. कपलरवर बॉलचा आकार कोरलेला असतो, तोच बॉल लावा. कपलरपेक्षा लहान बॉल निसटतो.

बारची साखळी अडकवायचे ब्रॅकेट ए-फ्रेमवर बसवताना गॅसच्या टाक्या आड येतात, ते विकत घ्यायच्या आधी टेप घेऊन मोजा. जागा जमत नाही म्हणून कुणी फ्रेमवर आडवं वेल्डिंग करायला निघाला, तर त्याला चहा देऊन वाटेला लावा.

जोडणी सांगतो. चाकांच्या कमानीची उंची तीनदा मोजा: ट्रेलर जोडण्याआधी, जोडून बार न लावता आणि बार लावून. ट्रेलर सपाट हवा, फार तर नाक जरासं खाली. नाक वर असलेला ट्रेलर जास्त डुलतो आणि दोन धुऱ्यांचा असेल तर मागच्या धुऱ्यावर नको तितका भार पडतो. ताण कमी पडला तर साखळी ओढत बसू नका, हिचच्या डोक्याचा कल वाढवा. बार आणि ब्रॅकेटच्या मध्ये कमीत कमी पाच कड्या मोकळ्या राहायला हव्यात असं बहुतेक पुस्तिका सांगतात, नाहीतर वळताना बार अडकतो. दोन्ही बाजूंना कड्या सारख्याच, आणि ती कडी रंगवून ठेवा.

बार चढवताना आणि उतरवताना कपलर बॉलवर बंद करून जॅकने गाडीची मागची बाजू आणि ट्रेलरचं नाक एकत्र उचला. बार सैल होतात, हाताने निघतात. ताणलेला बार नुसत्या दांड्याने सोडणाऱ्याचं मनगट किंवा दात जातो. जोडून झाल्यावर सेफ्टी चेन कपलरखालून फुली मारून घ्यायच्या.

स्वे कंट्रोलचा सगळ्यात साधा प्रकार म्हणजे घर्षणाची पट्टी. तिला एक हँडल असतं, आणि एक ताण ठरवायचा बोल्ट. बोल्ट एकदाच बसवायचा, हँडल रोज लावायचं-काढायचं. तिथे तेल-ग्रीस चुकूनही नको. रिव्हर्स घेण्याआधी पट्टी काढा, नाहीतर वाकते. निसरड्या रस्त्यावर ढिली करा, कारण तिथे ती ट्रेलरला सरळ व्हायलाही आडवी येते. जड ट्रेलरला रीसच्या ड्युअल कॅमसारखे किंवा इक्वलायझरसारखे प्रकार जास्त सोयीचे. हेन्सली नावाचा हिच आणखी वेगळा. त्याची सांधेपट्टी ट्रेलरचा वळण्याचा बिंदू गाडीच्या मागच्या धुऱ्याकडे सरकवल्यासारखं वागते. उत्तम चालतो, पण जडही आहे आणि महागही. तुमच्या वजनाला त्याची गरज नाही.

एवढं करूनही कधी शेपूट हललंच, तर स्टिअरिंग सरळ धरा, अॅक्सिलरेटरवरून पाय उचला आणि ब्रेक कंट्रोलरच्या हाताच्या दांडीने फक्त ट्रेलरचे ब्रेक हळूच लावा. गाडीचा ब्रेक जोरात दाबला की ट्रेलर गाडीवर चढून येतो. वेग वाढवून सरळ करू बघणारे शूर लोक असतात, त्यांचं ऐकू नका. उतारावर क्रूझ कंट्रोल बंद. ट्रेलरच्या टायरवर एसटी लिहिलेलं असतं. त्यावर वेगळं काही छापलं नसेल तर 65 मैलांच्या वर जायचं नाही. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढताना कायद्यानेच 55. टायर न झिजताही म्हातारे होतात. डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि साल सांगतात, ते विकत घेतानाच वाचायला हवे होते. असो, आता वाचा.

जावईबापूंना सांग, हिच अजून मागवू नका. शनिवारी ट्रेलर पूर्ण भरून जवळच्या कॅट स्केलवर न्या. हिच नाही तोवर साध्या बॉलवर, गावातल्या रस्त्याने, हळू. बार नाहीत म्हणून वजनं दोनच, ट्रेलर जोडून आणि नुसत्या गाडीचं; त्या दोन्ही पावत्यांचे फोटो मला पाठवा, बार किती पौंडांचे घ्यायचे ते मी त्या बघून सांगतो.