वर्गणीदारांना द्यावयाचे लाभ

मराठी वाचकांस वर्गणी नवी नाही. 'मनोरंजन' मासिकाने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा पाडली. पुढे वार्षिक वर्गणीदारांस जादा मूल्य न घेता दिवाळी अंक देण्याची रीत अनेक मासिकांनी पाळली. यूट्यूबवर २०१८ पासून अशाच सशुल्क सभासदत्वाची सोय झाली आहे. सभासदास नावापुढे बिल्ला, राखीव चित्रफिती व थेट प्रश्नोत्तरे असे लाभ देता येतात.

समजा, पांढुर्णा भागातील तिगाव येथील एखाद्या संत्राबागाईतदाराने ५० सभासद मिळविले. मासिक शुल्क १०० रुपये ठेवल्यास ५,००० रुपये जमतात. करादी वजावटीनंतर त्यातील ७० टक्के, म्हणजे फार तर ३,५०० रुपये, त्याच्या हाती पडतात. प्रत्येक सभासदाशी दरमहा पाव तास बोलण्याचे वचन दिल्यास साडेबारा तास खर्ची पडतील. आंबिया बहाराच्या तोडणीत एवढी सवड कोठून मिळणार? त्यापेक्षा ठरलेल्या दिवशी सर्वांसाठी एकत्र प्रश्नोत्तरे आणि बहाराचे वेळापत्रक देणे अधिक व्यवहार्य होय.

मात्र कोळशीसारख्या रोगाची सूचना सर्वांस विनामूल्यच द्यावी. काळी माशी शेजारच्या बागेत गेली की तेथून ती सभासदाच्या बागेतही परतते. सारांश, पाळता येईल तेवढेच वचन द्यावे आणि गावाच्या हिताची माहिती शुल्काआड ठेवू नये.