स्किफल : घरगुती वाद्यांचें संगीत

आपल्याजवळ पेटी नाहीं, तबला नाहीं, मग संगीत कोठून येणार, असें पुष्कळ विद्यार्थी म्हणतात. त्यांच्यासाठीं आम्ही येथें एका गानप्रकाराची हकीकत देत आहों. तो अमेरिकेंत जन्मला व इंग्लंडांत भरभराटला. त्याचें नांव स्किफल.

विसाव्या शतकाच्या आरंभीं लुईव्हिल, मेंफिस इत्यादि अमेरिकन शहरांत कृष्णवर्णीय वादकांचीं लहान मंडळें असत. वाद्यें विकत घेण्याची ऐपत थोड्यांचीच. म्हणून कोणी मातीच्या बुधल्याच्या तोंडावर फुंकून खर्ज काढी, कोणी फणीवर कागद धरून त्यांतून गुणगुणे, तर कोणी बोटांत शिंप्याचीं अंगुस्तानें घालून कपडे घासण्याची पन्हळी पाटी खरवडी व ताल धरी. उत्तरेकडे शिकागोसारख्या शहरांत गेलेल्या ह्या लोकांस घरभाडें भारी पडे. तेव्हां शेजाऱ्यांस बोलावून गाणेंबजावणें करावें व जमलेल्या पैशांतून भाडें भरावें, अशी चाल पडली. अशा मेळाव्यांशीं स्किफल हा शब्द जोडला गेला. १९२५ सालच्या ध्वनिमुद्रिकांवर तो आढळतो.

लंडन येथें १९५३ च्या सुमारास केन कोलियर, ख्रिस बार्बर वगैरे जॅझवादक मध्यंतराच्या वेळीं अशीं गाणीं गाऊं लागले. त्यांच्यांतील लॉनी डॉनेगन ह्यानें १९५४ सालीं ‘रॉक आयलंड लाइन’ हें आगगाडीचें गाणें मुद्रित केलें. मूळ गाणें जॉन लोमॅक्स ह्या संग्राहकानें १९३४ सालीं आर्कान्सा संस्थानांतील तुरुंगांत कैद्यांच्या तोंडून टिपून घेतलें होतें. डॉनेगनची ध्वनिमुद्रिका १९५६ सालीं दोन्ही देशांत अतोनात खपली, आणि इंग्लंडांतील शाळकरी मुलांस जणूं वेडच लागलें. एखादी स्वस्त गिटार व तिच्यावरचे तीन स्वरमेळ एवढें भांडवल पुरे होई. भारत व सिलोन येथून ज्या लाकडी खोक्यांतून चहा विलायतेस जाई, त्यांपैकीं एक उपडें घालून त्यास झाडूचा दांडा व दोरी जोडली कीं खर्जाचें तंतुवाद्य तयार! (आपल्या चहाच्या खोक्यास मिळालेल्या ह्या मानाची आम्हांस मोठी गंमत वाटते.) अशीं मंडळें गांवोगांव हजारोंनीं निघालीं. लिव्हरपूलच्या क्वारी बँक हायस्कुलांतील जॉन लेनन ह्या विद्यार्थ्यानें शाळेच्या नांवावरून आपल्या मंडळास ‘क्वारीमेन’ म्हटलें. ६ जुलै १९५७ रोजीं वुल्टन येथील सेंट पीटर्स चर्चच्या मेळ्यांत तें मंडळ गाइलें, आणि तेथेंच पॉल मॅकार्टनी ह्याची त्याच्याशीं गांठ पडली. जगप्रसिद्ध बीटल्स मंडळाचा उगम तो हा. स्किफलची लाट दोनतीन वर्षांतच ओसरली. पण हातीं आलेली गिटार ह्या मुलांनीं खालीं ठेविली नाहीं.

परंतु ज्यांचीं हीं गाणीं, त्यांचें काय? एलिझाबेथ कॉटन ह्या कृष्णवर्णीय बाईनीं बालपणीं नॉर्थ कॅरोलायनांत ‘फ्रेट ट्रेन’ हें गाणें रचिलें. त्या डावखुऱ्या असून गिटार उलटी धरून वाजवीत. पुढें त्या सीगर नामक संगीतज्ञ कुटुंबांत घरकामास राहिल्या. त्या घरची कन्या पेगी हिनें हें गाणें इंग्लंडांत नेलें, तेथें दोघां इंग्रजांनीं तें स्वतःच्या नांवें नोंदविलें, आणि १९५७ सालीं एका स्किफल मंडळानें गाऊन तें लोकप्रिय केलें. बाईंचें नांव कोठेंच नव्हतें. सीगर कुटुंबानें तें प्रकरण लावून धरिलें. अखेर तडजोड होऊन रचनेचें श्रेय बाईंस मिळालें. १९८५ सालीं, वयाच्या नव्वदीच्या घरांत, त्यांस ग्रॅमी पारितोषिक देण्यांत आलें. गिटार त्या तेव्हांही उलटीच धरीत.