गरम पाणी येईपर्यंत

रोहिणखेड-मोताळा भागात मी नळफिटिंगची कामं करतो. हिवाळा लागला की एकच तक्रार: "भाऊ, मोठा गीझर बसवून द्या, पाणी गरम याले लई वेळ लागते." गीझर बहुतेक वेळा बरा असतो. खोट पाइपात असते.

१. पाइपात किती पाणी मावतं ते आधी बघा. रात्रभर गार झालेलं हे पाणी निघाल्याशिवाय गरम येणारच नाही, मग वर सोलर असो की गीझर. एक इंची जीआय पाइपात मीटरमागे अर्ध्या लिटरहून जास्त पाणी राहतं, अर्ध्या इंचीत साधारण २०० मिली, अर्ध्या इंची सीपीव्हीसीत १२० मिलीच्या आसपास. स्लॅबवरच्या सोलरपासून खालच्या न्हाणीपर्यंत वळसे घेत १५ मीटर लाइन आली असेल, तर एक इंचीत आठ लिटर गार पाणी अडकतं, अर्ध्या इंची सीपीव्हीसीत दोन लिटरही नाही. तरी घरधनी म्हणतो, "जाडच टाका, धार बारीक नको." त्याचंही चूक नाही. टाकी १० मीटर उंच असेल तर एक किलो दाब मिळतो. आपल्या एकमजली घरांत ती जेमतेम तीन-चार मीटर वर. म्हणून मी उभी लाइन पाऊण इंची घेतो आणि न्हाणीतला फाटा अर्धा इंची. भिंतीला एक भोक जास्त पाडायची तयारी असेल तर लाइन सरळ खाली उतरते आणि वळशाचे चार-पाच मीटर वाचतात. रंगाची काळजी करणारे नाही म्हणतात.

२. पहिली धार मोरीत सोडू नका. बादली गरम पाण्याच्या नळाखालीच लावा. आधी आलेलं गार पाणी आयतं विसण होतं. सोलरचं पाणी ६० अंश आणि पाइपातलं २० अंश असेल, तर निम्मं-निम्मं मिसळून ४० अंश होतं. म्हणजे २० लिटरच्या बादलीत १० लिटर गार पाणी लागतंच. शॉवरची हौस असेल तर ते आधीचं पाणी बादलीत धरून धुण्याला वापरा.

३. आंघोळी एकामागून एक उरका. पोरं सहाला आणि आजोबा आठला, असं झालं की पाइप दोनदा गार.

४. गॅस गीझर पाणी साठवत नाही, नळ सोडला की पेटतो. साबण लावताना नळ बंद केला की बर्नर विझतो. पुन्हा सोडल्यावर पेटेपर्यंत आत शिरलेलं गार पाणी मागाहून अंगावर येतं. बादली एका दमात भरा. गीझर नळाजवळ असावा हे खरं, पण न्हाणीच्या आत कधीच नाही. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि आंघोळ करता करता माणूस कोसळतो. बाहेरच्या भिंतीवर, पत्र्याच्या आडोशाला बसवा आणि हातभर पाइप आत घ्या. यावर मी वाद घालत नाही, काम सोडून देतो.

इंग्लंडात पुष्कळ घरांत असतो तो कॉम्बी बॉयलर याच जातीचा, वर खोल्याही तापवतो. बऱ्याच बॉयलरांत आतलं थोडं पाणी सतत ऊन ठेवायची सोय असते, त्यासाठी अधूनमधून गॅस जळतो. पुढच्या पाइपातलं गार पाणी मात्र तिथेही आधी बाहेर काढावंच लागतं.

५. पाइपाला फोम गुंडाळल्याने पहाटेची पहिली बादली लवकर येत नाही. रात्रभरात सगळं गारच होतं. दोन आंघोळींमध्ये थोडा वेळ गेला तर त्याचा उपयोग. स्लॅबवर तो उघडा ठेवलात तर उन्हाने भुगा होतो.

६. बोअरचं पाणी जड असेल तर गीझरच्या नळीत पांढरा थर बसतो आणि धार बारीक होते. दिवाळीआधी सायट्रिक ॲसिडचं पाणी आतून फिरवून घ्या. नळाच्या तोंडची जाळी मात्र तुम्हीच काढून धुवा. तेवढ्यासाठी मला बोलावलंत तरी येण्याजाण्याचे पैसे लागतीलच.